झाडावरचा अर्धा शिंपला

प्रश्न : पूर ओसरल्यावर आमच्या मळीच्या कडेला आंब्याचा एक जुना ओंडका अडकलेला सापडला. ट्रॅक्टरला दोर बांधून वर काढला. ओंडक्याच्या अंगाला चिकटलेली एक 'कुत्र्याची छत्री' होती. नेहमीसारखी मऊ नव्हे, लाकडासारखी टणक, तळहाताएवढी, तपकिरी, अंगावर गोलगोल वळ्या. ओंडक्याखालच्या चिखलात चार शिंपले निघाले. तेही साधारण तेवढेच, तशाच वळ्यांचे. माझा सहावीतला नातू एका हातात शिंपला आणि दुसऱ्या हातात छत्रीचा निघालेला तुकडा घेऊन म्हणाला, "आजोबा, हा पाण्यातला शिंपला आणि हा झाडावरचा. पण झाडावरचा अर्धाच आहे. दुसरी शिंप कुठे गेली?" मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मराठी. त्याला सांगितलं, एक प्राणी आहे, दुसरी वनस्पती, साम्य निव्वळ योगायोगाचं. बरोबर सांगितलं का? वळ्या मोजून दोघांचं वय काढता येतं का? आणि ही छत्री बांडगुळासारखी झाड शोषून जगते का? फोटो सोबत पाठवत आहे.
— एक निवृत्त शिक्षक, कृष्णाकाठ, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांत वजनदार प्रश्न नातवाचा आहे. 'दुसरी शिंप कुठे गेली?' असं विचारायला आधी नीट बघितलेलं असावं लागतं. शिंपल्याला दोन शिंपा असतात आणि त्या पाठीकडे बिजागरीने जोडलेल्या असतात हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून एकच शिंप बघून तो अडला. आपण मोठी माणसं 'छत्री आहे' म्हणून ओंडका सरपणाला टाकून मोकळे झालो असतो.

तर त्याला सांगा, दुसरी शिंप कुठे गेलेली नाही, कारण हातात आहे ती पहिलीसुद्धा शिंप नाही. ते फळ आहे. ज्याचं ते फळ, तो जीव ओंडक्याच्या आत बसला आहे. केसाहून कितीतरी बारीक तंतूंचं जाळं, लाकडाच्या पेशीपेशींतून पसरलेलं. ते वर्षानुवर्षं आत गुपचूप वाढतं, आणि साठा पुरेसा झाला, हवा ओली झाली की बाहेर फळ धरतं. आंबा म्हणजे आंब्याचं झाड नव्हे, तशी छत्री म्हणजे सगळं कवक नव्हे.

शिंपल्याचं नेमकं उलट. दोन शिंपांबाहेर त्याचं काही नाही. हृदय, मूत्रपिंडं, कल्ले, जठर, चिखलात रोवायचा मांसल पाय, सगळा संसार त्या डबीत. डोकं मात्र नाही. आणि त्याच्या आतड्याचा शेवटचा भाग चक्क हृदयाच्या मधून आरपार जातो. कॉलेजात पहिल्यांदा शिंपला चिरला तेव्हा हे बघून मला वाटलं, माझंच ब्लेड कुठेतरी चुकलं. दुसरा शिंपला मागून घेतला. त्यातही तेच! प्रयोगशाळेतले मदतनीस काका हसून म्हणाले, "तिसरा देऊ का?"

आधी दोघांची ओळख पटवू. फोटोत छत्रीची वरची बाजू मातकट तपकिरी आहे, खालची पांढरी, आणि त्या पांढऱ्यावर अंगठ्याचा एक तपकिरी ठसा आहे. तो बहुधा नातवाचा. गॅनोडर्मा वंशातल्या चपट्या छत्रीची ती खूणच आहे. ताजी असताना खालच्या अंगाला नख लावा, ओरखडा बघता बघता तपकिरी होतो आणि छत्री वाळली तरी जात नाही. अमेरिकेत हौशी लोक टोकदार काडीने तिच्यावर निसर्गचित्रं काढतात. भिंग असेल तर त्या पांढऱ्या भागावर धरा. सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसतील, एका मिलिमीटरात चार ते सहा. प्रत्येक छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचं तोंड, आणि त्या नळ्यांतून बीजाणू खाली झरतात.

शिंपले लांबट, काळपट तपकिरी, आतून मोत्यासारखे चकाकणारे. हे लॅमेलिडेन्स, आपल्या नद्या-तळ्यांतले नेहमीचे. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने मोत्यांची शेती बसवली ती मुख्यतः याच वंशातल्या शिंपल्यांवर. जाता जाता एक सांगतो. पॅरेसिया खडकवासलाएन्सिस या नावाचाही एक नदीचा शिंपला आहे, १९६६ साली त्याचं वर्णन झालं. पुण्याचं पाणी पिऊन त्याचं नाव लावणारा हा जीव, पण पुणेकरांना त्याचा अभिमान असल्याचं ऐकिवात नाही. बहुधा अजून कळलेलं नसावं.

आता वळ्या. त्या दोघांच्या अंगावर सारख्या दिसतात, त्याचं कारण नात्यागोत्यात शोधू नका, वाढायच्या रीतीत शोधा. जी वस्तू एका टोकाला घट्ट असते आणि फक्त कडेने वाढते, तिच्या अंगावर कालची कड रेघ होऊन राहते. शिंपल्याच्या आत मऊ झालरीसारखा एक पडदा असतो, त्याला प्रावार म्हणतात. तो शिंपेच्या काठाला नवी पट्टी घालतो आणि आतल्या बाजूने थर चढवतो. जुनी शिंप ताणून मोठी होत नाही, तिला फक्त जोड मिळतो. त्यामुळे बिजागरीजवळचा उंचवटा हे शिंपल्याचं बालपण, आणि काठ म्हणजे आजचा दिवस. तुमच्या फोटोतल्या दोन शिंपल्यांचा हा उंचवटा झिजून पांढरा पडला आहे. वरची तपकिरी साल गेली की पाण्यातलं आम्ल तिथला चुना खात राहतं. म्हातारपणात लहानपणच्या आठवणी तेवढ्या शिल्लक राहतात म्हणतात. शिंपल्याचं उलट आहे, त्याचं लहानपणच आधी पुसलं जातं.

छत्रीतही कडेची पांढरी, किंचित मऊ किनार म्हणजे चालू काम. तिथे तंतूंची टोकं बाहेर सरकत असतात. पाऊस उघडला, हवा कोरडी झाली की काम बंद पडतं, कड टणक होते. पुन्हा ओल आली की नवी किनार. वळी तयार!

मग वळ्या मोजून वय? थंड देशांत शिंपल्याचं वय असं काढतात, कारण तिथे हिवाळ्यात वाढ ठप्प होते आणि वर्षाला एक गडद रेघ पडते. युरोपातल्या थंड, स्वच्छ ओढ्यांत राहणारा मोत्यांचा शिंपला शंभरी ओलांडतो हे अशाच रेघांवरून कळलं. पण मोजणाऱ्याला चकवा बसतोच. २००६ साली आइसलंडजवळच्या समुद्रातून काढलेल्या एका शिंपल्याचं वय आधी चारशेच्या थोडं वर सांगितलं गेलं. पुढे रेघा पुन्हा, अधिक काटेकोर मोजल्या तेव्हा ते ५०७ वर्षं निघालं. म्हातारपणीच्या रेघा इतक्या दाट होत्या की पहिल्या मोजणीत शंभर वर्षं निसटली. तीही सूक्ष्मदर्शकाखाली. आपल्याकडे तर बर्फाळ हिवाळाच नाही. पाणी आटलं, गढूळ पूर आला, कोणी उचलून परत टाकला, कशानेही शिंपल्याचं काम थांबतं आणि रेघ उठते. तेव्हा नातवाने अठरा वळ्या मोजल्या म्हणून शिंपल्याचा अठरावा वाढदिवस करू नका.

छत्रीचं आणखी अवघड. काही जातींत एकाच पावसाळ्यात चार वळ्या पडतात. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या जातीची छत्री करवतीने उभी चिरली तर आत नळ्यांचे थर एकाखाली एक दिसतात, आणि त्यांवरून अंदाज बांधता येतो. पण तो अंदाज फळाचा. आतल्या जाळ्याचं वय त्यावरून काढणं म्हणजे हातातल्या बांगड्या मोजून आजीचं वय सांगणं. अमेरिकेत ओरेगनच्या जंगलात झाडांची मुळं कुजवणारं आर्मिलारिया नावाचं एकच कवक जमिनीखाली सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेलं सापडलं. त्याचं वय २,४०० वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असावं असा हिशेब आहे. त्याच्या छत्र्या मात्र थोड्या दिवसांच्या सोबती, दर मोसमात येणार आणि कुजून जाणार.

आता तुम्ही नातवाला दिलेलं उत्तर. एक प्राणी, हे बरोबर. दुसरी वनस्पती, हे तुमच्या-माझ्या शाळेच्या पुस्तकातलं, आणि त्यात तुमचा दोष नाही. लिनियसपासून दोनशे वर्षं कवकं वनस्पतींच्याच खोलीत राहत होती. हलत नाहीत, जमिनीतून उगवतात, मग वनस्पतीच, असा तो साधा हिशेब. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि कवकांना स्वतंत्र घर मिळालं. पण घर वेगळं झालं तरी शेजार कोणाचा, ते ठरायचं होतं. १९९३ च्या सुमारास पेशींतल्या रेणूंची तुलना झाली, आणि कवकांचं घर वनस्पतींशेजारी न निघता प्राण्यांच्या भिंतीला भिंत लावून निघालं.

म्हणजे गुरुजी, तुमच्या ओंडक्यावरची छत्री ज्या आंब्यावर वाढली त्या आंब्यापेक्षा खालच्या चिखलातल्या शिंपल्याला नात्याने जवळची आहे! जवळची म्हणजे अगदी मामा-मावशीची नव्हे. दोघांचा समाईक पूर्वज अब्जभर वर्षांपूर्वीचा, एका पेशीचा. पण आंब्याचं घराणं त्याच्याही आधी वाटणी करून वेगळं निघालेलं.

या नात्याच्या खुणा बाहेर दिसत नाहीत. आंबा पुढच्यासाठी साठवण करतो ती पिठाची, म्हणजे स्टार्चची. कवक आणि शिंपला दोघेही साठवतात ग्लायकोजेन, जे तुमच्या-माझ्या यकृतातही असतं. दुसरी खूण शेपटीची. शिंपल्याच्या शुक्रपेशीला मागे एकच शेपटी असते आणि ती पेशीला पुढे ढकलते. पाण्यात राहणाऱ्या काही आद्य कवकांच्या बीजाणूंनाही तशीच, मागे, एकच. जमिनीवर आलेल्या छत्रीच्या घराण्याने ती केव्हाच टाकून दिली.

तिसरी खूण मला सगळ्यांत आवडते. १८११ साली आंरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अळंब्या उकळून, धुऊन, अल्कलीत घालून एक चिवट पदार्थ वेगळा काढला. बारा वर्षांनी ओदिये नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाला तसाच पदार्थ किड्यांच्या टणक पंखांत सापडला आणि त्याने त्याला अंगरख्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं कायटिन. झिंग्याची सालं, झुरळाचं अंग, सगळं त्याचंच. तोच पदार्थ छत्रीच्या प्रत्येक तंतूच्या भिंतीत आहे. आणि शिंपल्यांच्या चकाकत्या थरात चुन्याच्या चकत्या ज्या नाजूक सांगाड्यावर बसवलेल्या असतात, त्या सांगाड्यातही तो सापडला आहे. आंब्याच्या लाकडात शोधाल तर मिळणार नाही. तिथे सगळा कारभार सेल्युलोज आणि लिग्निनचा.

नातवाने बाहेरच्या वळ्या बघून दोघांना एका घरात बसवलं. कारण चुकलं, घर बरोबर निघालं. परीक्षेत मी याला पूर्ण मार्क दिले असते.

बांडगुळाचं म्हणाल तर तो आरोप छत्रीवर लागू होत नाही. बांडगूळ ही हिरवी वनस्पती आहे. झाडात मुळी घुसवून ती पाणी चोरते, पण अन्न बरंचसं आपल्या पानांत आपणच शिजवते. कवकाला पान नाही, हिरवा रंग नाही. आपण जेवून पचवतो, कवक पचवून जेवतं. तंतूच्या टोकाने विकरं, म्हणजे पाचक रस, लाकडात सोडायचे, लाकूड तिथेच विरघळवायचं आणि मग शोषायचं. गॅनोडर्मा जिवंत झाडालाही जखमेतून शिरतो. नारळाच्या बागा असणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे, तिथे तो मुळं कुजवून झाड मारतो. मोठ्या आंब्याच्या गाभ्यात शिरला तर झाड बरीच वर्षं उभं राहतं, कारण खोडाचा गाभा तसाही मेलेल्या पेशींचाच असतो. वरून हिरवं, आतून पोकळ. वादळात असंच झाड आधी पडतं. तुमच्या ओंडक्याची कथा तीच असणार.

ओंडक्याची मोडलेली बाजू बघा. लाकूड फिकट, धागेदार आणि बोटाने सुटणारं झालं असेल तर तिथे लिग्निनचा फडशा पडला आहे. लाकडाला ताठपणा देणारा हा पदार्थ भल्याभल्यांना पचत नाही, वाळवीसुद्धा त्यापुढे अडखळते. ते काम या पांढऱ्या कुजीच्या कवकांचं. लाकूड तांबूस होऊन त्याची चौकोनी ढेकळं पडत असतील तर तो वेगळ्या कवकांचा उद्योग. ती सेल्युलोज खातात आणि लिग्निन जवळजवळ तसंच सोडून देतात.

लाकडात कर्ब भरपूर, पण नत्र नावाला. त्यावरचा एक उपाय ऐकण्यासारखा आहे. आपल्याकडे गव्हाच्या काडावर नाहीतर भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवतात. रानात ती लाकडावर वाढते. दिसायला पसरट, पांढरी, कालवासारखी. नातवाच्या आधी हे साम्य जॅक्विन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्याही नजरेत भरलं होतं. १७७५ साली त्याने तिच्या नावात 'ऑस्ट्रिएटस' हा शब्द घातला, म्हणजे कालवासारखी. ही सोज्वळ धिंगरी शिकारी आहे. लाकडात वळवळणारे सूक्ष्म सूत्रकृमी तिच्या तंतूंना लागले की लुळे पडतात. मग तंतू त्यांच्या अंगात शिरतात आणि नत्र वसूल करतात. श्रावणात 'शाकाहारी' म्हणून धिंगरी खाणाऱ्यांपर्यंत हे पोचवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

शिंपल्याची पंगत त्या मानाने शांत. मागचा काठ किंचित उघडायचा, एका बाजूने पाणी आत, दुसरीने बाहेर. कल्ल्यांवर लक्षावधी सूक्ष्म केस हलत असतात. ते पाणी ओढतात, त्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजकट कण चिकट द्रवात पकडतात आणि तोंडाकडे सरकवतात. नको ते गोळा करून बाहेर. मोठा शिंपला दिवसात दोनेक घागरी पाणी सहज गाळतो. शिंपल्यांच्या गोतात लाकूड खाणाराही एक आहे बरं का. समुद्रात नावांचे तळ पोखरणारा टेरेडो. दिसायला किडा, पण पुढच्या टोकाला दोन चिमुकल्या शिंपा, आणि त्यांनीच तो लाकूड किसतो. सेल्युलोज पचवायला त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू मदत करतात. छत्री ते काम एकटी करते.

तुमचा ओंडका आणि खालचे शिंपले यांची गाठ पुराने घातली, पण नदीत कवकं आणि शिंपले एरवीही एकमेकांना सोडून नाहीत. पाण्यात पडलेली पानं, काटक्या, खोडं आधी कवकांच्या ताब्यात जातात. इंगोल्ड नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९४२ साली ओढ्यातल्या कुजत्या पानांवरच्या कवकांचं वर्णन केलं. त्यांचे बीजाणू चार हातांच्या चांदणीसारखे असतात आणि फेसात अडकतात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्याखाली जो पांढरा फेस साचतो, त्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, बऱ्याचदा त्या चांदण्या भेटतात. ही कवकं पानं मऊ करतात, किडे ती कुरतडतात, त्यांचा भुगा प्रवाहाबरोबर खाली येतो, आणि त्यातला काही तुमच्या शिंपल्याच्या पोटात जातो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलंबाळं कशी होतात हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण खरी गंमत तिथे आहे. छत्री सगळं वाऱ्यावर सोडते. एक मोठी छत्री दिवसाला अब्जावधी बीजाणू खाली सोडते, महिनोनमहिने. ओंडक्याजवळ सकाळी कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ दिसली तर ती तीच. त्यातला एखादाच नेमक्या जखमेवर, नेमक्या ओलीला पडतो. तिथेही एकट्याने भागत नाही, जुळणारा जोडीदार तंतू भेटावा लागतो. स्थळांची चणचण मात्र नाही. आंब्याच्या सरपणावर पावसाळ्यात उगवणाऱ्या नखाएवढ्या पांढऱ्या पंख्यांच्या कवकात, शिझोफायलममध्ये, तेवीस हजारांहून जास्त 'लिंगं' मोजली गेली आहेत. आपलं सोडून बाकी जवळजवळ कोणाशीही लग्न जमतं.

शिंपला असं सगळंच वाऱ्यावर, म्हणजे पाण्यावर, सोडत नाही. नर शुक्रपेशी प्रवाहात सोडतो, मादी त्या पाण्याबरोबर आत ओढून घेते आणि आपल्या कल्ल्यांतच अंडी वाढवते. त्यातून निघणारी पिल्लं इतकी वेगळी दिसतात की १७९७ साली राट्के नावाच्या अभ्यासकाने त्यांना शिंपल्याला लागलेला परजीवी समजून 'ग्लोकिडियम पॅरासिटिकम' असं नावही देऊन टाकलं. पोटच्या पोरांवर परजीवी असल्याचा शिक्का! पण तो अगदीच चुकला होता असंही नाही. ही पिल्लं परजीवीच असतात, फक्त आईची नव्हे, माशाची. मिलिमीटरहूनही लहान, दोन शिंपांची, ती माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चावून धरतात. मासा त्यांच्याभोवती कातडीची गाठ धरतो. काही आठवडे तिथे राहून ती छोटी शिंपली होतात आणि जिथे मासा असेल तिथे तळाशी गळून पडतात. स्वतः जेमतेम हातभर सरकणारा हा प्राणी नदीत वरच्या अंगाला पोचतो तो असा, माशाच्या पाठुंगळी.

उत्तर अमेरिकेतल्या लॅम्प्सिलिस नावाच्या शिंपल्याची मादी तर आपल्या प्रावाराची कड छोट्या माशासारखी बनवते. डोळ्यासारखा ठिपका, शेपूट, आणि पोहल्यासारखी लयीत हालचाल. मोठा मासा भक्ष्य समजून झेप घेतो आणि तोंड भरून पिल्लं घेऊन जातो. तिला स्वतःला डोळे नाहीत. मासा कसा दिसतो हे तिने कधी पाहिलेलं नाही.

यातच शिंपल्यांची अडचणही आहे. नदी अडली, त्या जातीचा मासा वर यायचा थांबला, की म्हातारे शिंपले चिखलात खुशाल जगत राहतात पण पोर एक नाही. वरून सगळं ठीक दिसतं. तुम्हाला मिळालेल्या चारांत एखादा बोटाच्या पेराएवढा होता का, हे मला कळलं तर बरं वाटेल.

खायचं म्हणाल तर दोन्ही नको. शिंपला पाणी गाळतो तसं त्यातलं नको ते धातू, औषधंही अंगात साठवतो, आणि गावाखालच्या नदीत काय काय येतं ते तुम्ही जाणता. छत्री तर चावताच येणार नाही. तिच्याच एका भावंडाच्या कॅप्सुला 'रेशी' नावाने महाग विकतात, म्हणून शेजारपाजारचे उकळून प्यायला मागतील. देऊ नका. आपल्याकडे फणसाच्या खोडावर येणाऱ्या अशाच टणक छत्रीला फणसांबा म्हणतात आणि लहान मुलांचं तोंड आलं की जुन्या बायका तो उगाळून लावत. ती ओळख पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताखाली शिकलेली असे, फोटोवरून पटवलेली नसे.

त्यापेक्षा नातवाला दोन उद्योग द्या. रिकाम्या शिंपेवर लिंबू पिळा. फेस येईल, कारण शिंप म्हणजे चुना. अशाच शिंपल्या कोकणात भट्टीत भाजून चुना पाडत, भिंतीला आणि विड्याला. शिंप लिंबाच्या रसात दोन-तीन दिवस बुडवून ठेवली, रस बदलत राहिलं, तर चुना निघून जातो आणि मागे तपकिरी, पातळ, कागदासारखी साल उरते. वळ्या त्या सालीवरही असतात. छत्रीच्या तुकड्यावर लिंबू पिळाल तर काही होणार नाही. तिला निखारा लावा. ती भडकत नाही, धुमसत राहते. युरोपात अशाच एका छत्रीत लोक विस्तव जपून नेत. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाच्या थैलीतही ती होती.

दुसरा उद्योग सावकाशीचा आहे. जिवंत शिंपले आजच जिथून निघाले तिथेच, तेवढ्याच पाण्यात, अर्धे चिखलात रोवून ठेवा. ओंडका मात्र घरी आणा आणि परसात सावलीत, जमिनीला टेकवून ठेवा. फोटोत छत्री खोडाला काटकोनात आहे. म्हणजे झाड उभं असताना ती फळीसारखी आडवी होती आणि छिद्रं बरोबर खाली. आता झाड आडवं झाल्याने तीच छत्री कडेवर उभी आली आहे, नळ्या आडव्या पडल्या, आणि बीजाणू भिंतीलाच आपटणार. आतलं जाळं जिवंत असेल तर ते हे चालवून घेत नाही. डोळा नाही, कान नाही, पण खाली कुठे आहे ते त्याला कळतं. पुढच्या पावसात जुन्या छत्रीच्या कडेला नवी किनार फुटेल ती वळून जमिनीला समांतर होईल, नाहीतर शेजारी नवी छत्री धरेल, छिद्रं पुन्हा बरोबर खाली. जुन्या आणि नव्यामधला कोन नातवाला कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजता येईल. नव्वद अंशांच्या आसपास यावा. कमी-जास्त आला तर मला जरूर कळवा, आणि ओंडका उतरणीवर तर ठेवला नव्हता ना, तेही लिहा.